हा वास कोणत्या झाडाचा?

गेल्या वर्षीं चैत्राच्या आरंभीं गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत जाण्याचा योग आम्हांस आला. सूरजागडच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर एका लहानशा खेड्यांत आमचे एक जुने स्नेही शिक्षक आहेत. सारा गांव त्यांस गुरुजी म्हणतो. "मोह पडूं लागला आहे, यावयाचें तर आतांच या," असें त्यांचें पत्र आलें आणि आम्ही निघालों. निघतांना सामानांत तीन लहान कुप्या होत्या. परदेशीं असलेल्या आमच्या भाच्यानें त्या नुकत्याच पाठविल्या होत्या. मोठ्या कारखान्यांच्या वाटेस न जातां, थोडक्या प्रमाणांत आणि निवडक गिऱ्हाइकांसाठीं सुगंध सिद्ध करणारे कारागीर अलीकडे युरोपांत पुष्कळ झाले आहेत; त्यांच्याकडील हा माल. एक कुपी फुलांच्या वासाची, दुसरी गोड वासाची आणि तिसरी लाकडाच्या वासाची. "मामा, तुम्ही जन्मभर कानांत अत्तराचा फाया ठेवीत आलांत, आतां हें लावून पाहा आणि कसें वाटतें तें कळवा," एवढीच त्याची मागणी होती.

दुसऱ्या दिवशीं पहाटे गुरुजींबरोबर आम्ही मोहाखालीं गेलों. भाच्याची आज्ञा म्हणून अंगाला गोड कुपींतील दोन थेंब लावले होते. झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर फिकट पिवळीं, टपोरीं फुलें एकामागून एक पडत होतीं. तीं वेंचणाऱ्या बायकांत एक वृद्ध माडिया बाई होती. आम्ही जवळून जातांच ती थांबली, तिनें वास घेतला आणि गुरुजींना आपल्या भाषेंत कांहीं विचारलें. गुरुजी हंसून म्हणाले, "ती विचारते, तुमच्या अंगाला हा वास कोणत्या झाडाचा?" आम्हीं कुपीवरचें फ्रेंच नांव सांगितलें. गुरुजींनीं तें कसेंबसें तिच्यापर्यंत पोंचविलें. तिचें उत्तर आलें, "तें नांव झालें. झाड कोणतें?"

सभासंमेलनांत निरुत्तर होण्याचे प्रसंग आमच्यावर आलेले आहेत. पण इतक्या साध्या प्रश्नानें आम्ही कधीं गप्प झालों नव्हतों. जो पदार्थ आम्हीं स्वतःच्या कातडीवर चोळला होता तो कोठून आला हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि ती बाई तर तें पहिल्या श्वासालाच विचारीत होती. घरीं परतल्यावर आम्हीं तिन्ही कुप्या क्रमानें लावल्या, प्रत्येकीस तीन दिवस दिले, आणि जमेल तेवढी पुस्तकें चाळून त्या प्रश्नाचें उत्तर शोधलें. त्या शोधाची ही हकीकत आहे.

प्रथम त्या स्थळाविषयीं दोन शब्द. चांद्याच्या गोंड राजांचें राज्य १७५१ मध्यें नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें आणि पुढें शतकभरानें, १८५४ मध्यें, चांदा हा इंग्रजी अमलांतील जिल्हा झाला. सूरजागड ही त्या जिल्ह्यांतील जमीनदाऱ्यांपैकीं एक होती. सत्तावनच्या धामधुमीनंतर इंग्रजांशीं लढून २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी गेलेले बाबूराव शेडमाके यांचें स्मरण या भागांत आजहि भक्तिभावानें केलें जातें. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. डोंगरावर ठाकुरदेवाचें स्थान आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत आसपासच्या गांवांतील माडिया लोक तेथें यात्रेस जमतात. याच डोंगरांत उत्तम प्रतीचें लोहखनिज आहे. त्याचें उत्खनन २०१६ मध्यें सुरू झालें, मध्यंतरीं बंद पडलें आणि २०२१ पासून पुन्हां चालू झालें. जमाबंदीच्या कागदांत येथील जमीन मोजली आहे, वनखात्याच्या कागदांत सागवान, आणि खाणीच्या कागदांत लोखंड. वासाला कोणत्याहि कागदांत रकाना नसतो, आणि तो नसावा यांत नवल नाहीं. पण म्हणूनच एखादा वास नाहींसा झाला तर तो गेला हें कोणास कळतहि नाहीं.

आतां मोहाचा वास. पहाटे ताज्या फुलाला येतो तो वास नुकत्याच उतरलेल्या सुवासिक तांदळाच्या भातासारखा. तासाभरानें त्यांत मनुकांची गोडी मिसळते. ऊन चढलें कीं तो आंबूस होऊं लागतो आणि टोपली दोन प्रहरपर्यंत तशीच राहिली तर मद्याकडे झुकतो. भातासारखा वास हा आमच्या नाकाचा भ्रम असावा असें आम्हांस वाटलें होतें. पण तसें नाहीं. बासमतींत आणि आपल्या आंबेमोहोरांत जें सुगंधी द्रव्य असतें, तेंच मोहाच्या फुलांत कसें तयार होतें याचा अभ्यास पुणें विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञांनीं २०११ मध्यें प्रसिद्ध केला. म्हणजे मावळांतील शेतकऱ्याच्या घरीं भात शिजतांना जो वास दरवळतो तोच सूरजागडच्या पायथ्याशीं पहाटे झाडावरून पडतो. आपणां देशावरच्या लोकांस हें फूल परकें वाटतें. तें वास्तविक परकें नाहीं. हाल सातवाहनाच्या गाथासप्तशतींत गोदेच्या कांठचे फुलांनीं वांकलेले मोह आहेत, आणि ती गोदावरी याच जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला, सिरोंचापाशीं, प्राणहितेला आपल्या पोटांत घेते. आपल्या भाषेच्या पूर्वजेच्या अगदीं पहिल्या कवितासंग्रहांत जें फूल आहे, तें पुढें पांढरपेशा मराठींतून दारूच्या संदर्भाशिवाय जवळजवळ नाहींसें झालें. मुंबई सरकारनें तर १८९२ मध्यें मोहाच्या फुलांसाठीं एक स्वतंत्र कायदाच केला आणि ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत तीं फुलें जमविण्यावर व बाळगण्यावर निर्बंध घातले. ज्या वासाची चौकशी अबकारी खात्यानेंच करावयाची, त्याचें नांव सभ्य घरांत कोण घेणार?

असो. फुलांची कुपी आम्हीं प्रथम लावली. पहिला अर्धा तास फार सुखाचा गेला. पहाटेच्या दंवांत भिजलेला गुलाब, त्यांत लिंबाच्या सालीची चुणूक, मागें कोठें तरी हिरवें गवत. पण हा वास कोठें टेकत नाहीं. स्वच्छ, इस्त्रीचे कपडे घालून आलेल्या पाहुण्यासारखा तो गोड बोलतो आणि चहा घेण्यापूर्वींच उठतो. दोन प्रहरीं मनगट नाकाशीं नेलें तर फक्त आठवण उरलेली. उलट, आमच्या जुन्या गुलाबाच्या अत्तराचा फाया सकाळीं कानांत ठेवला तर रात्रीं उशीलाहि त्याचा वास असतो. याचें कारण अत्तर करण्याच्या रीतींत आहे. कनोजचे अत्तरवाले तांब्याच्या देगेंत फुलें आणि पाणी घालून खालीं मंद जाळ करितात. वाफ बांबूच्या नळींतून थंड पाण्यांत ठेवलेल्या भपक्यांत उतरते. आणि त्या भपक्यांत आधींच चंदनाचें तेल असतें. फुलाचा वास त्या तेलांत मुरतो. म्हणजे ज्याला आपण गुलाबाचें किंवा मोगऱ्याचें अत्तर म्हणतों त्याचें शरीर चंदनाचें असतें, फुलाचा फक्त प्राण. फूल टिकतें तें लाकडाच्या आधारानें.

निव्वळ गुलाबाचें अत्तर सांपडल्याची कथा जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. नूरजहानची आई गुलाबपाणी काढीत असतां ऊन गुलाबपाण्याच्या भांड्यांवर तवंग आला. तो तिनें थोडथोडा जमविला, आणि त्याच्या एका थेंबानें सारी मजलस दरवळली, असा त्या कथेचा सारांश. पुढें अत्तर मराठी दरबाराच्या शिष्टाचारांत इतकें रुळलें कीं पानसुपारी आणि अत्तरगुलाब झाल्याशिवाय भेट संपली असें होईना. आजहि लग्नघरीं दारांत गुलाबदाणी घेऊन मुलगी उभी असते ती त्या दरबाराची शेवटची चोपदारीण होय.

परंतु आमच्या कुपींतील फुलाचें झाड कोणतें? कुपीच्या खोक्यावर बारीक अक्षरांत घटकांची यादी होती. युरोपांतील कायद्याप्रमाणें कातडीस त्रास देऊं शकणारीं द्रव्यें छापावीं लागतात. त्यांत 'जिरॅनिऑल' असें एक नांव होतें. गुलाबाच्या वासांतील हा एक मुख्य अंश. या नांवाचा माग काढीत गेलों, आणि आश्चर्य असें कीं तो माग आम्हांस खानदेशांत घेऊन आला.

सातपुड्याच्या दोन्ही अंगांस, नंदुरबार आणि पिंपळनेर या बाजूंस, तसेंच निमाड-बैतुलाकडे रोशा नांवाचें उंच गवत उगवतें. संस्कृत वैद्यकांत त्याला रोहिष म्हणतात. त्याच्या दोन जाति: मोतिया आणि सोफिया, पैकीं मोतियाचें तेल उंची, त्याला गुलाबाशीं मिळताजुळता वास येतो. एकोणिसाव्या शतकांत ओढ्याकांठीं भट्ट्या लावून, गवत कढईंत कोंबून हें तेल काढीत. सांधेदुखीवर चोळण्यापुरतें थोडें तेल घरीं राही. बाकीचें मुंबईस जाई, मुंबईहून तांबड्या समुद्रांतील बंदरांस आणि तेथून कॉन्स्टँटिनोपलास. तेथें पोंचेपर्यंत त्याचें नांव बदललेलें असे. युरोपचा व्यापारी त्याला 'तुर्की जिरॅनियमचें तेल' म्हणे. वास्तविक तें तुर्की नव्हे आणि जिरॅनियम या झाडाशीं त्याचा कांहीं संबंधहि नाहीं. बल्गेरियांतील प्रसिद्ध गुलाबाच्या अत्तरांत तें बेमालूम मिसळीत. गुलाबाच्या मोलानें तें विकलें जाई आणि नांव गुलाबाचें होई. १८७१ मध्यें ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनज्ञानें हिंदुस्थानांतून आलेल्या या गवताच्या तेलांतून त्याचा सुगंधी अंश वेगळा काढला आणि व्यापाऱ्यांनीं दिलेल्या चुकीच्या नांवावरून त्याला जिरॅनिऑल म्हटलें. आतां हें द्रव्य कारखान्यांतहि करतां येतें, आणि आमच्या कुपींतलें कोठचें तें सांगतां येणार नाहीं. पण त्या पांच अक्षरांखालीं आमचा रोशा गाडलेला आहे एवढें खरें. नांव बदललें म्हणजे मूळ कसें हरवतें याचें याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

दुसरी कुपी गोड वासाची; हीच लावून आम्ही मोहाखालीं उभे होतों. दिवाळींत करंज्यांचें सारण आणि पाकाचें पातेलें एकाच खोलींत असावें तसा हा वास. पहिला पाव तास आम्ही प्रसन्न होतों. मग तो वास वाढतहि नाहीं आणि कमीहि होत नाहीं, असें ध्यानांत आलें. शेजारचें मूल येऊन "आजोबा, खाऊ कोठें आहे?" म्हणून खिसे चाचपूं लागलें. दोन प्रहरीं जेवतांना आमटीस गोडी आल्यासारखी वाटली. रात्रीं, बारा तासांनीं, वास सकाळीं होता तसाच होता. मोहाची गोडी पहाटेपासून सांजेपर्यंत तीन वयें भोगते; ही गोडी एकाच वयांत गोठलेली. ज्याला म्हातारपण येत नाहीं त्याचा सहवास थोड्या वेळानें जड होतो, मग तें माणूस असो कीं वास.

या गोडीचा इतिहास थोडक्यांत असा. व्हॅनिला ही मेक्सिकोकडील एका वेलीची शेंग. तिचें फूल हातानें फळविण्याची सोपी युक्ति १८४१ मध्यें रियुनियन बेटावरील एदमों आल्बियूस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानें शोधून काढली आणि त्या शेंगेचा व्यापार जगभर झाला. पण शेंग महाग. १८७४ मध्यें टीमान आणि हार्मान या दोघां जर्मनांनीं तिचा सुगंधी अंश पाइन जातीच्या झाडाच्या रसांतील एका द्रव्यापासून तयार केला. त्याच्या आधीं, १८६८ मध्यें, डांबरापासून जांभळा रंग काढणाऱ्या पर्किननें कूमरिन हें वाळल्या गवताच्या वासाचें द्रव्य प्रयोगशाळेंत केलें होतें. १८८२ मध्यें कूमरिन आणि १८८९ मध्यें व्हॅनिलीन पॅरिसच्या नामांकित सुगंधांत शिरलें. पुढें १९९२ मध्यें साखर जळाल्यासारख्या वासाचें आणखी एक कृत्रिम द्रव्य सढळपणें वापरलेला एक सुगंध निघाला, आणि तेव्हांपासून अंगाला मिठाईचा वास येणें ही फॅशन झाली. आमच्या खोक्यावर कूमरिनचें नांव होतें, आणि सोबतच्या पत्रकांत व्हॅनिलाचें. आजचें पुष्कळसें व्हॅनिलीन खनिज तेलापासून निघतें. तेव्हां त्या बाईच्या प्रश्नाचें खरें उत्तर असें कीं पहिल्यानें एक वेल होती, मग थंड देशांतील एक झाड होतें, आणि आतां झाड नाहीं.

कृत्रिम म्हणून तें त्याज्य, असें आमचें म्हणणें नाहीं. झाड न तोडतां वास मिळाला तर झाडास तें हितकरच आहे. चंदनाच्या बाबतींत तर चोरट्या तोडीनें काय केलें तें सर्वांस ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, लावणाऱ्यास आपण काय लावीत आहों हें कळावें. तें न कळणें ही आपल्या लोकांची जुनी खोड नव्हे, हें तिसऱ्या कुपीनें आम्हांस शिकविलें.

तिसरी कुपी लाकडाची. पत्रकाप्रमाणें तींत चंदन, देवदार आणि लोबान. लावतांच ती कांहीं बोलत नाहीं. पहिला वास कोरडा, पेन्सिल तासल्यासारखा. आम्ही जवळजवळ निराश झालों होतों. तासाभरानें सहाणेवर खोड फिरूं लागल्यासारखा तो ओला झाला. दोन प्रहरीं त्यांत धूर आला, देवघरांतला, विझत आलेल्या निखाऱ्याचा. संध्याकाळीं तो आमच्या अंगाचाच वास वाटूं लागला. सदऱ्याला आला कीं कुपीला, तें सांगतां येईना. तिन्ही कुप्यांत हीच आमची झाली. कदाचित् हा संवयीचा परिणाम असेल. ज्या लोकांच्या पंढरीच्या विठोबास पाडव्यापासून मृगापर्यंत नित्य चंदनाची उटी लागते त्यांचें नाक या वासापुढें तटस्थ कसें राहणार?

पण संवयीहून मोठें कारण आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें मानसोल्लास हा ग्रंथ रचला. राजाच्या उपभोगांत त्यानें स्नान, तांबूल, वस्त्र यांच्या पंक्तीला विलेपन आणि धूप यांस बसविलें आहे. त्याच्याहि सहाशें वर्षें आधीं वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीचा एक अध्याय घातला. सोळा द्रव्यांपैकीं कोणतींहि चार घेऊन त्यांचे भाग एक, दोन, तीन, चार असे बदलीत गेलें, तर किती गंध होतात याचा त्यानें हिशेब केला आहे: १,७४,७२०. हा आंकडा वाचून आमचा भाचा खचित खूष होईल. कारण त्याच्या कारागिरांनीं अद्याप इतके सुगंध काढलेले नाहींत.

तथापि आम्हांस सर्वांत जवळचा वाटला तो एक तिसराच ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत परशुराम कृष्ण गोडे हे १९१९ पासून ग्रंथपाल होते. मूळचे देवरुखचे. तंबाखूचा, अत्तराचा इतिहास पोथ्यांतून वेंचून लिहिणारा असा दुसरा मनुष्य झाला नाहीं. रड्डीशास्त्री यांच्या संग्रहांतून आलेल्या एका दुर्मिळ हस्तलिखितांत त्यांना गंगाधराचा 'गंधसार' हा संस्कृत ग्रंथ मिळाला, आणि त्याच पोथींत कोणा अज्ञाताचा 'गंधवाद'. या दुसऱ्या ग्रंथावर मराठी टीका आहे. गोडे यांनीं १९४५ च्या सुमारास याविषयीं लिहिलें, आणि गंधवाद व त्याची टीका इ. स. १३५० ते १५५० या दोनशें वर्षांतील ठरविली. पुढें १९८९ मध्यें बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत हे दोन्ही ग्रंथ संपादून छापले गेले.

चौदाव्या-सोळाव्या शतकांच्या दरम्यान कोणी मराठी मनुष्य सुगंध कसे करावे हें मराठींत समजावून सांगत होता, ही गोष्ट आम्हांस नवी होती, आणि आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांसहि नवी असेल. आपल्या जुन्या गद्याचा विचार करूं लागलों कीं महानुभावांच्या लीळा आणि पुढें बखरी आठवतात. गंध्याची भट्टी कोणास आठवत नाहीं. गंधसारांत सुगंध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. चूर्ण रसांत मुरविणें, शिजविणें, दबलेला वास जागा करणें, एका द्रव्यानें दुसऱ्यास भेदणें, धुरी देणें, आणि फुलांच्या संगतींत ठेवून वास लावणें, असा त्यांचा स्थूल अर्थ. नुसतीं हीं नांवें वाचलीं तरी कळतें कीं हें लिहिणाऱ्यानें वासाकडे वस्तु म्हणून पाहिलें नाहीं. ज्याला झोंप येते, जाग येते, जो संगतीनें सुधारतो, अशा जीवाकडे पाहावें तसें पाहिलें आहे. द्रव्यांचे वर्गहि त्यानें केले आहेत: पान, फूल, फळ, साल, लाकूड, मूळ, झाडाचा स्राव आणि शेवटीं कस्तुरीसारखीं प्राण्यांपासून मिळणारीं द्रव्यें. भाच्याच्या कारागिरांनीं फुलांचा, लाकडाचा अशी जी वाटणी केली ती पाहून आम्हांस नवलाई वाटली होती. ती वाटणी आमच्या घरच्या पोथींत पांचशें वर्षें पडून होती. शिवाय एक फरक आहे. गंगाधराच्या वर्गांत 'गोड' असा वर्ग नाहीं. त्यानें वासाचे वर्ग नाकाला काय वाटतें यावरून केले नाहींत. झाडाचा कोणता अवयव यावरून केले. त्याच्या पुस्तकाचा प्रश्न मोहाखालच्या त्या बाईच्या प्रश्नाहून निराळा नव्हता.

हें सारें ज्ञान गेलें कोठें? अत्तर आलें तेव्हां तें तयार होऊन, कुपींत भरून आलें. करणारा कनोजास, लावणारा पुण्यास. मग विलायती सेंट आला तो त्याहून दूरचा. कृति घरांतून गेली तेव्हां क्रियापदें गेलीं, आणि क्रियापदें गेल्यावर नांवेंहि पातळ झालीं. आज चांगला वास आला तर आपण 'मस्त' म्हणतों आणि वाईट आला तर नाकाला पदर लावतों. दरवळ, घमघमाट, दर्प, भपकारा, खमंग, खरपूस, कुबट, उग्र, आंबूस, हे शब्द अद्याप कोशांत आहेत; स्वयंपाकघराबाहेर ते क्वचित् येतात. दोष परक्यांचा नाहीं. रोशाचें नांव तुर्कांनीं बदललें, पण बोध आणि वेध हे शब्द आपण आपल्या हातांनीं टाकले.

हें लिहून झाल्यावर आम्हीं गुरुजींस पत्र पाठविलें आणि त्या बाईस तिन्ही उत्तरें सांगण्याची विनंति केली. महिन्याभरानें उत्तर आलें. पहिल्या उत्तरावर ती म्हणाली कीं, तें तर गवत झालें, त्याला झाड कशाला म्हणतां? दुसऱ्यावर ती कांहीं बोलली नाहीं. तिसऱ्यांत लोबान आहे, तो अरबस्तानाकडच्या एका झाडाचा डिंक, असें गुरुजींनीं सांगितलें आणि आम्हीं चिठ्ठीवर शिंपडून पाठविलेला वास तिला दिला. तिनें विचार न करितां सलईचें नांव घेतलें. तिचें बरोबर होतें. सलई ही लोबानाच्या झाडाची सख्खी चुलतबहीण. वनस्पतिशास्त्रांत दोघींचें कुलनाम एकच आहे. गुरुजींच्या घरीं तिन्हीसांजेस निखाऱ्यावर जो डिंक टाकीत तो सलईचाच होता, आणि आम्हीं चार दिवस तो वास घेऊनहि तो ओळखला नव्हता. पत्राच्या शेवटीं गुरुजींनीं लिहिलें होतें कीं सलई उंचावर, खडकाळ उतारावर वाढते, आणि खाणीचा रस्ता आतां तिकडूनच जातो.

लोखंड देशास हवें, रस्त्यानें दवाखाना जवळ येतो, हें आम्हांस समजतें; दूर बसून डोंगरावरच्या लोकांस उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. पण आपल्या घरांत जें करतां येण्यासारखें आहे तें सांगण्यास हरकत नाहीं. येत्या दिवाळींत उटण्याची पुडी आणाल तेव्हां ती तशीच वाटींत रिती करूं नका. नागरमोथा, कचोरा, गव्हला, वाळा, जटामांसी, आंबेहळद, जें असेल तें सुटें आणा. यांतील बहुतेक नांवें जुन्या गंधग्रंथांतील द्रव्यांचींच आहेत. अभ्यंगाच्या निमित्तानें तीं आजपर्यंत वांचलीं. मुलांना एकेक जिन्नस हुंगावयास द्या आणि विचारा: हें मूळ, कीं साल, कीं पान? कोणत्या झाडाचें? सगळीं उत्तरें आपणांस येणार नाहींत. आम्हांसहि आलीं नाहींत. वडील माणसांस विचारावें लागेल, काष्ठौषधीच्या दुकानदारास विचारावें लागेल, आणि कांहींसाठीं तर एटापल्लीची गाडी धरावी लागेल.